मुख्य पट्ट्यातील लघुग्रह: पहिल्या ठिपक्यापासून अधिकृत नावापर्यंतची वाटचाल

पंडित जसराज यांची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०. ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहिली की ३०-०१-२८ असे अंक मिळतात, आणि ३००१२८ हाच मंगळ व गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणाऱ्या ‘पंडितजसराज’ या लघुग्रहाचा क्रमांक आहे. हा लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ रोजी सापडला आणि त्याला पंडितजींचे नाव दिल्याचे सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झाले. या दोन तारखांमध्ये जवळजवळ १३ वर्षांचे अंतर आहे. एखादा विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर सरकणारा ठिपका पाहतो, त्याच आठवड्यात ‘लघुग्रह शोधला, आता नाव देणार’ अशी बातमी येते, आणि पुढे काय झाले हे कोणीच विचारत नाही. तसे होऊ नये, म्हणून ही वाट टप्प्याटप्प्याने लिहून काढत आहे. शाळा-महाविद्यालयांतील गट आणि हौशी निरीक्षक यांच्यासाठी हे लेखन आहे. त्यासाठी स्वतःची दुर्बीण असणे आवश्यक नाही.

काय शोधायचे आहे

मुख्य पट्टा सूर्यापासून साधारण २.१ ते ३.३ खगोलीय एककांच्या अंतरात पसरलेला आहे. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक. या पट्ट्यातील सर्वांत मोठा पिंड सीरिस असून त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे. आज जे पिंड सापडायचे राहिले आहेत ते मात्र अगदी लहान आणि अत्यंत अंधूक आहेत. त्यांची प्रत, म्हणजे तेजस्वितेचे माप, साधारण २० ते २२ च्या आसपास असते. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका पिंड अंधूक, हे येथे ध्यानात ठेवावे. नुसत्या डोळ्यांना अंधाऱ्या जागी सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, आणि २१ व्या प्रतीचा पिंड त्यांच्यापेक्षा दहा लाख पट अंधूक असतो.

लघुग्रह ओळखण्याची एकच खूण आहे, ती म्हणजे त्याची गती. तारे एकमेकांच्या तुलनेत जागच्या जागी राहतात आणि लघुग्रह त्यांच्यातून सरकतो. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे सूर्य आणि लघुग्रह यांच्या मधोमध पृथ्वी असताना, मुख्य पट्ट्यातील पिंड तासाला सुमारे ३० ते ४० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतका सरकतो. पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाचा हा जेमतेम पन्नासावा भाग. त्यामुळे एकाच आकाशखंडाच्या काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या तीन-चार प्रतिमा एकामागून एक झरझर पाहिल्या तरच ही हालचाल डोळ्यांना जाणवते. १८९१ मध्ये हायडेलबर्ग येथे माक्स वोल्फ यांनी छायाचित्राच्या साह्याने पहिला लघुग्रह शोधला. तेव्हापासून काचेच्या पट्टीची जागा अंकीय प्रतिमेने घेतली असली, तरी कामाचा गाभा तोच राहिला आहे.

प्रतिमा कोठून मिळवायच्या

स्वतःच्या दुर्बिणीने नवा लघुग्रह शोधण्याची शक्यता आज फार कमी आहे, हे आधी स्पष्ट सांगितलेले बरे. हवाईतील हालेआकाला शिखरावरच्या पॅन-स्टार्स प्रकल्पाची १.८ मीटर व्यासाची दुर्बीण आणि अशीच इतर सर्वेक्षणे रात्रीमागून रात्री आकाश विंचरून काढत असतात. जून २०२५ मध्ये चिलीतील रूबिन वेधशाळेने आपल्या पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या, तेव्हा केवळ सुमारे १० तासांच्या निरीक्षणांतून पूर्वी कोणी न पाहिलेले २,१०४ लघुग्रह हाती आल्याचे जाहीर केले. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेले असते, आणि ज्या लघुग्रहाची प्रतियुती त्या महिन्यांत येते तो महाराष्ट्रातील निरीक्षकाच्या हातून त्या वर्षापुरता निसटतोच.

मात्र मोठ्या दुर्बिणींच्या प्रतिमा आता सामान्य माणसापर्यंत पोहोचतात. ‘इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन’ हा उपक्रम २००६ पासून अमेरिकेतील टेक्सास राज्यातून चालतो. तो शाळा, महाविद्यालये आणि हौशी गटांना पॅन-स्टार्सच्या प्रतिमा विनामूल्य देतो आणि ठरावीक कालावधीच्या मोहिमा आखतो. भारतातील अनेक गट त्यांत नियमाने भाग घेतात. नोंदणीसाठी कोणी मोठ्या रकमेची मागणी केली, तर ती रक्कम प्रतिमांसाठी नसून मधल्या व्यक्तीच्या सेवेसाठी आहे, हे पालकांनी समजून घ्यावे.

गट तीन ते पाच जणांचा असावा असे मी सुचवीन. एकट्याने पाहिले की डोळा हवे ते पाहू लागतो. दुसरा जोडीला असला की निदान ‘हे मला दिसत नाही’ असे म्हणणारे कोणीतरी असते.

पडद्यासमोर बसल्यावर

मापनासाठी ऑस्ट्रियातील हर्बर्ट राब यांनी तयार केलेली ‘ॲस्ट्रोमेट्रिका’ ही संगणकप्रणाली सर्वत्र वापरली जाते. ज्या दुर्बिणीच्या प्रतिमा असतील तिच्यासाठीची मांडणीची फाइल मोहिमेबरोबर मिळते. तीच वापरावी, आपल्या मनाने त्यातील आकडे बदलू नयेत. त्यानंतर ज्ञात लघुग्रहांच्या कक्षांची यादी ताजी करून घ्यावी. ही पायरी कंटाळवाणी असल्यामुळे बरेचजण ती टाळतात. मग जुन्या यादीत नसलेला, पण प्रत्यक्षात आधीच नोंदला गेलेला पिंड ‘नवा’ म्हणून कळवला जातो आणि सगळा वेळ वाया जातो.

एका संचात साधारण चार प्रतिमा असतात. त्या वेळेच्या क्रमाने उघडाव्यात आणि प्रणालीला तारे ओळखू द्यावेत. ती प्रतिमेतील ताऱ्यांची तारकासूचीशी जुळणी करते आणि त्यावरून प्रतिमेतील प्रत्येक बिंदूचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातील आडवे-उभे अंश, ठरवते. जुळणी फसली तर पुढची सगळी मापने निरर्थक ठरतात, म्हणून ताऱ्यांभोवती उमटलेली वर्तुळे खरोखर ताऱ्यांवरच बसली आहेत का, हे प्रतिमा मोठी करून चारही कोपऱ्यांत पाहावे. त्यानंतर ज्ञात लघुग्रहांच्या खुणा प्रतिमेवर उमटवाव्यात. आता चारही प्रतिमा एकापाठोपाठ फिरत्या ठेवाव्यात आणि ज्या सरकत्या ठिपक्यावर खूण नाही, त्याच्यावर नजर ठेवावी.

प्रतिमा पाहण्याची शिस्त लावून घ्यावी. संपूर्ण चौकट एकदम पाहू नये. ती मोठी करून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पट्ट्यापट्ट्याने खाली यावे, आणि प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर थोडा चढलेला असावा. एका संचाला निदान पाऊण तास द्यावा. प्रणाली स्वतःहूनही सरकते ठिपके शोधून देते, पण आधी डोळ्यांनी पाहावे आणि मग यंत्राची यादी तपासावी, असा माझा आग्रह आहे, कारण यादी आधी पाहिली की डोळा तेवढ्याच जागांवर घुटमळतो.

खरा लघुग्रह आणि फसवा ठिपका

या कामातील खरे कौशल्य येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. खऱ्या लघुग्रहाच्या ठिपक्यात चार गोष्टी एकत्र सापडतात. तो सरळ रेषेत सरकतो. वेळेच्या प्रमाणात समान अंतर कापतो. म्हणजे दोन प्रतिमांमधील वेळ सारखी असेल तर पावलेही सारखी पडतात. त्याची प्रत चारही प्रतिमांत जवळपास तीच राहते. आणि त्याचा आकार शेजारच्या अंधूक ताऱ्यांसारखाच, मध्ये उजळ व कडेला विरत जाणारा असतो.

ठिपक्यावर टिचकी मारली की प्रणाली त्याच्या प्रकाशाचा आलेख दाखवते. ताऱ्याचा किंवा लघुग्रहाचा आलेख घंटेसारखा असतो, दोन्ही बाजूंनी सावकाश उतरणारा. कॅमेऱ्यातील सदोष बिंदूचा किंवा अवकाशातून येऊन आदळलेल्या कणाचा आलेख सुईसारखा, एकदम उभा चढून एकदम कोसळणारा असतो. त्याच चौकटीत संकेत आणि कोलाहल यांचे गुणोत्तर, म्हणजे ठिपक्याचा प्रकाश पार्श्वभूमीच्या गडबडीपेक्षा किती पट ठळक आहे ते, दिसते. ते ५ पेक्षा कमी असेल तर तो ठिपका सोडून द्यावा.

आमच्या गटातील आठवीच्या एका मुलीने एकदा तासभर खपून एक सुंदर चौकडी शोधली होती; चार ठिपके, एका रेषेत, जवळजवळ समान अंतरावर. आलेख उघडला तेव्हा पहिले दोन घंटेसारखे होते आणि तिसरा सुईसारखा. प्रत पाहिली तर पहिल्या प्रतिमेत २०.६ आणि चौथ्यात २१.९ होती. तिने वहीत चारही आकडे एकाखाली एक लिहिले, काही वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि स्वतःच त्यांवर काट मारली. मला तो दिवस तिच्या पुढच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. एखाद्या प्रतिमेत हजारो कोलाहलाचे ठिपके असताना त्यांतील तीन योगायोगाने एका रेषेत येणे मुळीच अवघड नसते. तेजस्वी ताऱ्यांभोवतीचे वलय, प्रतिमेच्या कडा आणि कॅमेऱ्याच्या तुकड्यांमधील काळ्या फटी या जागा तर विशेष फसव्या असतात.

अहवाल पाठवणे

ठिपका कसोटीला उतरला की त्याला गटाचे तात्पुरते नाव द्यायचे असते, उदाहरणार्थ ‘एबीसी०००१’ असे तीन अक्षरे आणि चार अंकांचे. अहवालातील प्रत्येक ओळ म्हणजे एक निरीक्षण, आणि तिच्यात हे नाव, दिनांक व वेळ, विषुवांश, क्रांती, प्रत आणि वेधशाळेचा तीन चिन्हांचा संकेतांक एवढे असते. पॅन-स्टार्सच्या पहिल्या दुर्बिणीचा संकेतांक एफ५१ आहे. वेळ नेहमी जागतिक वेळ असते आणि ती दिवसाच्या दशांश भागांत लिहिली जाते; ०.५० म्हणजे जागतिक वेळेनुसार दुपारचे १२, आपल्याकडील सायंकाळचे साडेपाच. हे रकाने ठरावीक जागीच असावे लागतात, म्हणून प्रणालीने तयार केलेल्या ओळींत हाताने एखादी मोकळी जागासुद्धा घालू नये. आमचा एक अहवाल केवळ वरच्या मजकुरात गटाचा संकेत चुकीचा पडल्यामुळे परत आला होता, आणि दुरुस्ती करून पाठवेपर्यंत दोन दिवस गेले.

हे दोन दिवस महत्त्वाचे का, ते पुढे स्पष्ट होईल. निरीक्षणे शेवटी अमेरिकेतील केंब्रिज येथील मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या वतीने साऱ्या जगातील लघुग्रहांच्या नोंदी तेथे ठेवल्या जातात.

दुसरी रात्र

एका रात्रीची निरीक्षणे म्हणजे शोध नव्हे. एका तासात सरकलेल्या चार बिंदूंवरून कक्षा ठरवता येत नाही. त्या चार बिंदूंतून असंख्य कक्षा जाऊ शकतात. दुसऱ्या एखाद्या रात्री तोच पिंड पुन्हा सापडला आणि दोन्ही रात्रींची निरीक्षणे एकमेकांशी जुळली, की त्याला तात्पुरता अधिकृत संकेत मिळतो. मोहिमांच्या भाषेत पहिल्या पायरीला प्राथमिक शोध आणि दुसरीला तात्पुरता शोध म्हणतात. प्राथमिक शोधांतील बहुतांश पुढे टिकत नाहीत, म्हणून त्या पायरीवर वर्तमानपत्राला दूरध्वनी करू नये, ही माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

श्रेय कोणाचे, याचाही निवाडा येथेच होतो. ज्या प्रतियुतीत पिंडाची दुसऱ्या रात्रीची निरीक्षणे सर्वांत आधी कळवली गेली, त्या प्रतियुतीतील सर्वांत आधी कळवलेले निरीक्षण ज्याचे, तो शोधक मानला जातो. ‘आधी पाहिले’ यापेक्षा ‘आधी कळवले’ हे निर्णायक ठरते.

कक्षा हाती नसताना काय होते, याचा धडा पहिल्याच लघुग्रहाने दिला होता. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे ज्युसेप्पे पियाझी यांना सीरिस दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याची निरीक्षणे केली, ते आजारी पडले, आणि पुढे तो पिंड सूर्याच्या उजेडात हरवला. कार्ल फ्रीडरिश गाउस या तरुण गणितज्ञाने त्या तुटपुंज्या निरीक्षणांवरून कक्षा काढण्याची नवी रीत शोधली, आणि तिच्या आधारे १८०१ च्या शेवटच्या रात्री खगोलज्ञ फॉन झाख यांना सीरिस पुन्हा सापडला.

संकेत वाचायला शिकणे

तात्पुरता संकेत म्हणजे तारखेची एक नेटकी गुंडाळी असते. पंडितजसराज लघुग्रहाचा संकेत २००६ व्हीपी३२ असा होता. २००६ हे वर्ष. त्यापुढील पहिले रोमन अक्षर पंधरवडा सांगते. ए म्हणजे १ ते १५ जानेवारी, बी म्हणजे जानेवारीचा उरलेला भाग, असे करत आणि अंकाशी घोटाळा होऊ नये म्हणून आय हे अक्षर वगळून, व्ही येते १ ते १५ नोव्हेंबरवर. दुसरे अक्षर आणि त्यापुढचा अंक त्या पंधरवड्यातील क्रम सांगतात. आय सोडून अक्षरे २५ असतात, आणि अंक म्हणजे ही २५ अक्षरांची फेरी किती वेळा पूर्ण झाली त्याची मोजणी. पी हे पंधरावे अक्षर, म्हणून ३२ गुणिले २५ अधिक १५, म्हणजे ८१५. त्या एका पंधरवड्यात संकेत मिळालेला तो ८१५ वा पिंड होता.

दुसरे उदाहरण भारतीय भूमीवरचे आहे. तमिळनाडूतील कावलूर येथील वेधशाळेत ४५ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीने, ‘कल्की’ नावाच्या प्रकल्पात, आर. राजमोहन यांनी १७ फेब्रुवारी १९८८ रोजी एक लघुग्रह शोधला. त्याचा संकेत १९८८ डीक्यू१. डी म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध. क्यू हे सोळावे अक्षर आणि फेरी एक पूर्ण, म्हणून ४१ वा. पुढे त्याला ४१३० हा क्रमांक आणि ‘रामानुजन’ हे नाव मिळाले. त्यापूर्वी भारतातून लघुग्रह शोधले होते ते मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन यांनी, आणि त्यांचा शेवटचा शोध, २४५ व्हेरा, १८८५ मधला होता. आशिया खंडातून सापडलेला पहिला लघुग्रहही पॉग्सन यांनी मद्रासहूनच १७ एप्रिल १८६१ रोजी शोधला, आणि म्हणून त्याचे नाव ‘आशिया’ ठेवले गेले.

क्रमांक मिळेपर्यंतची प्रतीक्षा

तात्पुरता संकेत मिळाला तरी कक्षा पक्की झालेली नसते. मुख्य पट्ट्यातील पिंड साधारण १४ ते १७ महिन्यांनी प्रतियुतीला येतो, आणि कायमचा क्रमांक मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे निदान चार प्रतियुतींत तो दिसलेला असावा लागतो. पहिलीपासून चौथीपर्यंत तीन अंतरे, म्हणजे सगळे जमून आले तरी चार वर्षांच्या आसपासचा काळ. प्रत्यक्षात बहुधा त्याहून अधिक लागतो. कधीकधी मात्र असे होते, की जुन्या सर्वेक्षणांच्या संग्रहात त्या पिंडाची न ओळखलेली निरीक्षणे सापडतात आणि कक्षा एकदम काही वर्षे मागे नेता येते.

या काळात गटाने करायचे काम म्हणजे नोंदवही जपणे. तात्पुरते नाव, अधिकृत संकेत, प्रतिमासंचाचा दिनांक, मापन करणाऱ्यांची नावे आणि पाठवलेल्या अहवालाची प्रत एका ठिकाणी असावी. आठवीतील मुले तोवर पदवीधर झालेली असतात, शिक्षकांची बदली झालेली असते, आणि मग श्रेय कोणाचे हे शाळेलाच सांगता येत नाही. वर्षातून दोनदा मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर आपला संकेत शोधून त्यापुढे किती प्रतियुती जमल्या, ते लिहून ठेवावे. आपला संकेत जुन्या एखाद्या संकेताशी एकच असल्याचे आढळले, तर श्रेय दुसऱ्याकडे जाऊ शकते; हेही वहीत नोंदवावे.

नाव सुचवताना

आजवर सात लाखांहून अधिक लघुग्रहांना क्रमांक मिळाले आहेत, पण नाव असलेले त्यांतील जेमतेम वीस-तीस हजारच आहेत. क्रमांक मिळाल्यापासून १० वर्षे नाव सुचवण्याचा अधिकार शोधकाचा असतो. विद्यार्थी मोहिमांतून क्रमांक मिळालेल्या पिंडांसाठी ही संधी त्या गटाला दिली जाते. निर्णय मात्र आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या लघुपिंड नामकरण कार्यगटाचा. नाव विकत मिळत नाही. पैसे घेऊन ताऱ्याला किंवा लघुग्रहाला नाव देण्याची प्रमाणपत्रे विकली जातात, त्यांना या व्यवस्थेत काहीही स्थान नाही.

नियम मोजके आहेत. नाव रोमन लिपीत, मोकळ्या जागा धरून १६ अक्षरांपर्यंत, शक्यतो एकाच शब्दाचे, कोणत्या तरी भाषेत उच्चारता येणारे असावे. ते कोणाला दुखावणारे नसावे आणि आधीच्या एखाद्या लघुग्रहाच्या किंवा उपग्रहाच्या नावाशी फार जुळणारे नसावे. व्यापारी नावे चालत नाहीत, पाळीव प्राण्यांची नावे टाळावीत असे सांगितले जाते, आणि शोधकाने स्वतःचे नाव सुचवू नये. राजकीय किंवा लष्करी कार्यासाठी मुख्यतः ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूनंतर १०० वर्षे उलटल्यावरच विचारात घेतले जाते. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० चे, म्हणजे ही अट २०२० मध्ये पूर्ण झाली.

मराठी नाव सुचवायचे तर अक्षरे मोजण्यापासून सुरुवात करावी. ‘सावित्रीबाई फुले’ हे नाव रोमन लिपीत नेहमीच्या वर्णलेखनाने मधल्या मोकळ्या जागेसह बरोबर १६ अक्षरांचे होते. जोडून लिहिले तर १५. ‘बहिणाबाई चौधरी’ मात्र जोडूनही १८ होतात, तेव्हा नुसते ‘बहिणाबाई’ घ्यावे लागेल. ‘ज्ञानेश्वर’ ११ अक्षरांत बसते, पण ‘ज्ञ’ कसा लिहायचा, आपल्या उच्चाराला धरून की संस्कृत पद्धतीने, हे आधी ठरवावे, कारण जे वर्णलेखन प्रसिद्ध होईल तेच जगभरच्या सूच्यांत कायम राहते. ण आणि न, ळ आणि ल यांच्यातील फरक साध्या रोमन अक्षरांत पुसला जातो, याचीही तयारी ठेवावी. विश्वनाथन आनंद यांचे पूर्ण नाव मोकळ्या जागेसह मर्यादेबाहेर जाते; त्यांच्या लघुग्रहाचे, ४५३८ चे, नाव ‘विशीआनंद’ असे एका आटोपशीर शब्दात आहे.

नावाबरोबर दोन-तीन वाक्यांचा इंग्रजी परिचय द्यावा लागतो. त्यात विशेषणांचा वर्षाव करू नये. व्यक्ती कोण, जन्म-मृत्यूची वर्षे कोणती आणि तिने नेमके काय केले, एवढे पुरते. प्रत्येक साल दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळावे, कारण हा मजकूर नावाबरोबरच छापला जातो. कार्यगटाने मान्यता दिली की नाव त्यांच्या पत्रिकेत प्रसिद्ध होते. ही पत्रिका २०२१ पासून निघते. त्यात नाव छापले जाईपर्यंत ते जाहीर करू नये.

पत्रिकेत नाव आल्यावर त्याच दिवशी कक्षेचे आकडे उतरवून घ्यावेत आणि पुढच्या प्रतियुतीची तारीख काढावी. पिंड २० व्या प्रतीच्या आसपासचा असेल तर गावातील दुर्बिणीतून तो दिसणार नाही, पण त्या रात्री तो कोणत्या तारकासमूहात आहे हे नकाशावर दाखवता येते. नोंदवहीत ज्या मुलांची नावे आहेत, त्यांना ती तारीख आधी कळवावी.